यशोदाक्का आणि अवकाशाचं एक्सचेंज

आमच्या शेजारच्या यशोदाक्का स्वतःच्या मोबाइलवर फोन आला तरी "कोण पाहिजे?" असं विचारतात. पलीकडचा गोंधळून "अक्का, तुम्हीच" म्हणाला, की "थांबा, बघते" म्हणतात आणि मगच आपल्या खऱ्या आवाजात बोलू लागतात. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंककॉल, म्हणजे परगावचे फोन, जोडण्यात आणि दर तीन मिनिटांनी मध्ये येऊन वेळ वाढवायची का विचारण्यात गेली. निवृत्त होऊन जमाना झाला, पण बाई अजून ड्युटीवर आहेत. एकदा माझं आणि बायकोचं जिन्यात भांडण रंगलं होतं. वरून अक्का शांतपणे म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" भांडण तिथंच तुटलं.

यंदा आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची सहल सोलापूरजवळ होटगीच्या पुढल्या माळावर निघाली. तिथं उपग्रहांचा माग ठेवणारं एक छोटं केंद्र आहे आणि त्याच्या दोन खोल्यांत अवकाश संग्रहालय. मंडळी मुख्यतः डबे खायला आली होती. अक्का मात्र ठेवणीतलं इरकल नेसून आल्या होत्या, माहेरच्या कार्याला निघाल्यासारख्या.

माहिती द्यायला श्वेता नावाची तिथलीच एक तरुण इंजिनिअर होती. रॉकेटच्या प्रतिकृतीपाशी अक्का थांबल्याच नाहीत. ते नुसतं पोचवायचं काम करतं, बोलत नाही, एवढ्यावर त्यांनी रॉकेट निकालात काढलं. बाहेरच्या अँटेनाच्या मोठ्या तबकडीखाली मात्र त्यांनी श्वेताला धरलं. आधी कोण बोलतं, त्यांनी विचारलं. श्वेता म्हणाली, आपण हाक मारतो, उपग्रह उत्तर देतो. पण तो डोक्यावरून जाईपर्यंतच, मग क्षितिजाखाली जातो. अक्कांनी आमच्याकडे वळून अर्थ सांगितला, म्हणजे लाइन कटते.

दुसऱ्या खोलीत दोरीपलीकडे एक जुनं नियंत्रणाचं टेबल होतं. बटणं, दिवे आणि एक हेडफोन. हात लावू नये, अशी पाटी होती. आम्ही पाटी वाचेपर्यंत अक्का दोरी ओलांडून खुर्चीत बसल्या होत्या आणि हेडफोन त्यांच्या कानाला होता. श्वेता धावली. अक्कांनी तिला नुसत्या हातानं थोपवलं.

मंडळातल्या जोशीकाकांना चेव आला. त्यांनी चंद्राचा कॉल मागितला.

"चंद्र एंगेज हाय," अक्का म्हणाल्या. "मंगळ देऊ?"

मंगळ नको, तो मुलीच्या पत्रिकेत आहेच, असं काका म्हणाले आणि रागावायला आलेली श्वेताही हसली. मग तिनंच त्या हेडफोनवर एक ध्वनिमुद्रण लावून दिलं. कायमच्या गप्प झालेल्या एका उपग्रहाचे शेवटचे संकेत होते ते. आधी टिकटिक, मग नुसती खरखर. अक्का मान खाली घालून ऐकत राहिल्या. तो गप्प झाल्यावर तुम्ही काय केलं, त्यांनी विचारलं. श्वेता म्हणाली, बरेच दिवस हाका मारत राहिलो. तेव्हा ती नोकरीत नवीनच होती, आणि तो गेला त्या दिवशी ड्युटी तिची होती.

मंडळी डब्यांकडे पांगली, मी तिथंच रेंगाळलो. अक्कांनी हेडफोन हळूच टेबलावर ठेवला.

"आमचे हे कुर्डुवाडीला कामाला होते," त्या म्हणाल्या. "एका दुपारी तिथली ऑपरेटर म्हणाली, सोलापुरात एका बाईला निरोप द्यायचाय, तिचा नवरा गेला, लाइन जोड. मी विचारलं, कुणाला? तर तिनं माझंच नाव घेतलं."

मग, असं श्वेतानं विचारलं.

"मग काय. बोर्डावर बाकीच्यांचे दिवे लागलेले होते की. बदलीची बाई येईपर्यंत जोडत बसले."

इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहतो, पण मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

अक्कांनी श्वेताला विचारलं, तुझा तो गप्प झाला त्या दिवशी तू जेवली होतीस का. तिनं नकारार्थी मान हलवली. अक्का उठल्या, तिचा हात धरून बाहेर लिंबाखाली घेऊन गेल्या आणि आपला डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ती पोर खात होती, तोवर अक्का शेजारी बसून होत्या.