नकार सांगायला जाणारा माणूस

रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्चीला पाणी विचारणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाच महिने रोज सकाळी पाहिला. साडेनऊला मी ऑफिसात शिरायचे तेव्हा सोनावणेकाका टेबलामागे ताठ बसलेले असायचे आणि समोरच्या लाल खुर्चीला म्हणत असायचे, "अगोदर बसा. पाणी घेणार? घ्या. आता सांगतो."

मग थांबायचे. खुर्ची काही बोलायची नाही. काका मान हलवायचे आणि तेच वाक्य जरा हळू आवाजात पुन्हा म्हणायचे.

आमचं ऑफिस उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खालच्या मशिनांच्या हादऱ्याने टेबलावरची पेनं सरकायची. धंदा होम लोनचा. बदलापूरकडे भातखाचरं जाऊन इमारती उभ्या राहत होत्या, मोबाइलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं आणि ज्याला त्याला स्वतःचं घर हवं होतं. बँक आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये उभं राहून फाइल पुढे सरकवायची, हे आमचं काम. मी बदलापूरच्या कात्रपहून यायचे, बावीस वर्षांची, नुकती बी.कॉम. झालेली. काका एकोणपन्नास वर्षांचे. दोघंही ट्रेनी. आमच्या दोघांच्या गळ्यात ओळखपत्राची एकाच रंगाची पट्टी बघून गिऱ्हाइकं गोंधळायची आणि काकांना साहेब समजून माझ्याकडे चहा मागायची.

त्याआधी बावीस वर्षं काका अंबरनाथला एका रंगाच्या कारखान्यात होते. तो बंद पडला. पण रंग त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. एकदा एक शाळामास्तर चौकशी करून गेले. मी लगेच त्यांच्या मागे फोन लावायला घेतला, तर काकांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"मनीषा, हा माणूस अजून ओला आहे. आज हात लावू नकोस, बोट उमटेल."

चार दिवसांनी मास्तर आपण होऊन आले. तेव्हापासून मीही गिऱ्हाइकांकडे ओलं की वाळलेलं म्हणून बघायला लागले.

दर शनिवारी आमचे मालक हरीशभाई सराव घ्यायचे. स्वतः गिऱ्हाईक व्हायचे, आम्ही त्यांना पटवायचं. सिंधी माणूस, मराठी झकास बोलायचे, पण धंद्याचं बोलताना हिंदीत घसरायचे. एका शनिवारी खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मुझे सोचना पड़ेगा."

यावर आम्हाला शिकवलेलं उत्तर होतं, की आजच सही केली तर फी माफ. काका म्हणाले, "सोचो. सोचना ही चाहिए. बीस साल का मामला है."

"सोनावणेजी, सोचने दिया तो गिऱ्हाईक गया."

"गेला तर घरीच जाईल ना, हरीशभाई."

सगळे हसले. हरीशभाईही हसले, पण वहीत काहीतरी लिहिलं.

खरा घोळ व्हायचा तो नामंजूर फायलींचा. ऑफिसचा नियम सरळ होता. मंजूर झालं तर आपण फोन करायचा. नामंजूर झालं तर त्यांचा फोन उचलायचा नाही. दहा-बारा दिवसांत माणसाला आपोआप कळतं. काकांना हे पटायचं नाही. "बँकेचा कागद अर्धंच बोलतो," म्हणायचे. "उरलेलं अर्धं तोंडाने सांगावं लागतं." आणि रविवारी स्वतःच्या खर्चाने त्या माणसाच्या घरी जायचे. म्हणजे त्यांचा सगळा सराव फक्त नकार सांगण्याचा होता. होकार त्यांनी कधी घोकला नाही. तो कसाही सांगितला तरी गोडच लागतो, म्हणायचे.

लोकांना या भेटी आवडायच्या असं नाही. कॅम्प चारमधल्या एकाने त्यांच्या तोंडावर दार लावलं. काकांनी बाहेर उभं राहून उरलेलं वाक्य बंद दाराला सांगितलं आणि मग जिना उतरले. सोमवारी मला हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. वाक्य पूर्ण झालं होतं.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर वांगणीला गेले. कल्पना नावाच्या बाईची फाइल होती. एका खाजगी दवाखान्यात आया म्हणून काम करायची, आईला घेऊन भाड्याच्या खोलीत राहायची. बदलापूरजवळ शिरगावात वन रूम किचन बुक केलं होतं. दवाखाना पगार हातावर द्यायचा, कागद काही नव्हता. बँकेने नाही म्हटलं.

स्टेशनपासून चालत गेलो. वाटभर काका पुटपुटत होते. दारात आम्हाला बघताच कल्पनाचा चेहरा उजळला. ऑफिसची दोन-दोन माणसं रविवारी घरी आली म्हटल्यावर तिने काय समजायचं ते समजून घेतलं. काका "अगोदर बसा" म्हणेपर्यंत ती आतून पुडा घेऊन आली होती. कर्जाची बातमी येईल म्हणून आदल्या दिवशीच पेढे आणून ठेवले होते. एक माझ्या हातावर, एक काकांच्या. आईने शेजारणीला हाक मारली.

काकांनी पेढ्याकडे पाहिलं. पाच महिने घोकलेलं त्यांना एक अक्षर आठवलं नसावं. उभ्याउभ्याच म्हणाले, "कल्पनाताई, कर्ज मंजूर झालं नाही. तेवढंच सांगायला आलोय."

कल्पनाने पुडा मिटून बाजूला ठेवला. मग कल्पना म्हणाली, "फोन करायचा ना मग. एवढ्या लांब येऊन तोंडावर सांगायचं? मजा बघायला आलात का आमची?"

शेजारीण दारातच थबकली. कल्पना बोलत राहिली. दवाखान्याला बोलली, बिल्डरला बोलली, पण समोर होते काका, म्हणून सगळं त्यांच्याकडे बघून बोलली. मला वाटलं, काका आता काही समजुतीचं सांगतील. ते मान खाली घालून ऐकत राहिले. तिचं बोलून संपलं तेव्हा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि मग, "बुकिंगचे पैसे बिल्डरकडे अडकलेत. उद्या मी तुमच्याबरोबर येतो. एकट्या जाऊ नका."

म्हातारीने चहा टाकला. तो आम्ही प्यायलो. हातातल्या पेढ्याचं काय करायचं ते कुणालाच कळेना. शेवटी म्हातारीच म्हणाली, "खा हो. पाहुणे आलात, त्याचा समजा."

परत येताना मी विचारलं, "काका, फोनवर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"फोनवर ती भांडली कुणाशी असती?" ते म्हणाले आणि शेतातल्या वालाकडे बोट दाखवून यंदा शेंगा कशा धरल्यात ते सांगत बसले.

सोमवारी ते खरंच कल्पनाबरोबर बिल्डरच्या ऑफिसात गेले. तिथे तीन तास बसले. आवाज चढवला नाही, पण उठलेही नाहीत. पैसे परत मिळाले. संध्याकाळी बिल्डरचा फोन हरीशभाईंना आला.

हरीशभाई वाईट माणूस नव्हते. त्यांनी काकांना आत बोलावलं. दार उघडंच होतं.

"सोनावणेजी, आपली निम्मी गिऱ्हाइकं तो बिल्डर पाठवतो. उसी के सामने बैठ गए?"

"बाईचे पैसे होते, हरीशभाई."

"मला कळतं. पण मी तुम्हाला पर्मनंट नाही करू शकत. तुम्ही समजून घ्या."

"घेतलं," काका म्हणाले. मग जरा थांबून, "समोर बसवून सांगितलंत, बरं वाटलं." हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. हरीशभाई मात्र बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले.

काकांचा चष्मा खणात राहिला होता. तिसऱ्या दिवशी तो घेऊन मी अंबरनाथला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली फळीवर ताजी फुलं. काका बाजारात गेले होते. काकूंनी मला बसवलं. मी काळजीतच होते. नोकरी गेल्याचं घरी माहीत आहे की नाही, हे कसं काढून घ्यावं ते सुचेना. चष्मा पुढे केला आणि म्हटलं, "काकांचा खुर्चीसमोरचा सराव आता बुडत असेल."

काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुला सांगितलं नसेल त्यांनी. कंपनी बंद झाली ना, आठ महिने मला त्याबद्दल बोलले नाहीत. रोज डबा घेऊन जायचे, वाचनालयात बसायचे, संध्याकाळी यायचे. शर्टाला रंग नसला तर मला संशय येईल म्हणून वाटेतल्या रंगाऱ्याकडून बाहीला डाग लावून घ्यायचे. तो डाग मी घासघासून काढायचे."

काकूंनी माझ्या हातातला चष्मा घेतला.

"सासूबाई पडल्या, म्हणून बोलवायला मी कंपनीत गेले. गेटला कुलूप. वॉचमन म्हणाला, वहिनी, किती महिने झाले की." काकूंनी पदराने चष्म्याच्या काचा पुसल्या. "भांडले नाही मी. पण त्यानंतर चार महिने बोललेही नाही. मग यांनी तुमची जाहिरात आणली. म्हटलं, या वयात दारोदार? तर म्हणाले, तिथे बोलायला शिकवतात."

खाली कुणाची तरी सायकल लागल्याचा आवाज आला.

"मग या वेळी?" मी विचारलं.

"परवा ना? दारातच सांगितलं. अजून चप्पलसुद्धा काढली नव्हती." काकूंनी चष्मा देव्हाऱ्यासारख्या त्या फळीवर, फुलांच्या बाजूला ठेवला. "मी म्हटलं, बरं. आत तर या."