बिनशाफ्टची जीप

खरं बोलायचं की शाफ्ट काढायचा, असे दोन पर्याय माझ्यापुढे होते. मी शाफ्ट काढला. (खरं बोलण्यापेक्षा पाना फिरवणं सोपं, असा माझा लग्नापासूनचा अनुभव आहे. आणि पानासुद्धा गॅरेजच्या मिस्त्रींनी फिरवला.)

जीप सासऱ्यांची. सासरे एका मोठ्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून रिटायर झालेले. त्यांचा माणसांपेक्षा इंजिनांवर जास्त विश्वास आणि इंजिनांपेक्षा स्वतःच्या कानांवर. पंधरा दिवस सासूबाईंसह धाकट्या मुलीकडे जाताना त्यांनी जीपची किल्ली माझ्या हातावर ठेवली, पण सोडली नाही. ती तशीच धरून म्हणाले, "जावईबापू, माझे गुडघे आता क्लचला वैतागले. परत येईन तेव्हा गाडी आहे तशी दिसली, तर तुमच्या नावावर करून टाकतो."

"आणि नाही दिसली तर?"

"तर तुम्ही आहात तसे राहाल. सायकलवर."

बावीस वर्षं मी त्या घरचा जावई आहे. एवढ्या काळात त्यांनी मला त्या गाडीचं साधं चाक बदलू दिलेलं नाही. ("तुम्ही टॉर्च धरा" हे आमच्यातलं सर्वांत दीर्घ संभाषण.) त्यामुळे ती जीप माझ्यासाठी नुसती गाडी नव्हती, पदवी होती.

बाराव्या दिवशी जीपच्या पोटातून 'टक्... टक्' असा आवाज यायला लागला. मी रेडिओ मोठा केला. तेराव्या दिवशी आवाजानं रेडिओवर मात केली. चौदाव्या दिवशी मिस्त्री जीपखाली शिरले आणि तिथूनच त्यांनी निकाल दिला, "मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा जॉइंट गेलाय, साहेब. पार्ट मागवावा लागेल. चार दिवस."

"अहो, उद्या सकाळी सासरे येतायत! त्यांना आणायला मी हीच गाडी घेऊन स्टेशनवर जाणार आहे!"

मिस्त्री बाहेर सरपटले. "मग शाफ्टच काढून टाकू. फोर व्हीलचा लिव्हर टाकायचा. पुढची दोन चाकं गाडी ओढतात. आवाज बंद."

"आणि मागची दोन?"

"ती येतात मागोमाग."

(आमच्या घरात नेमकी हीच व्यवस्था असल्यामुळे मला ती लगेच पटली.)

शाफ्ट सुटला. मिस्त्री आणखी काहीतरी सांगत होते, "आणि साहेब, उभी करताना—" पण आवाज गेल्याच्या आनंदात मी तोवर गाडी गॅरेजच्या बाहेर काढली होती.

बायकोनं अंगणात उभं राहून कान दिला. "आवाज गेला खरा. बरोबर आणखी काय गेलं?"

"एक शाफ्ट."

"म्हणजे बाबांच्या गाडीतलं काहीतरी काढून ठेवलंत, आणि बाबांना सांगायचं नाही?"

"चारच दिवस गं! मग आहेच की परत जागेवर."

"अहो, बाबांनी फोनवरून आपल्या मिक्सरचं बेअरिंग गेलेलं ओळखलं होतं."

"म्हणूनच तर! जो पार्ट गाडीत नाहीच, तो आवाज काय करणार?"

ती वाकून जीपखाली बघून आत गेली. मला वाटलं, मी वाद जिंकला. (ती पुरावा गोळा करत होती.)

दुसऱ्या दिवशी तापाची रजा टाकून मी सकाळी सातला बायकोसह जीपमध्ये बसलो. गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन गरजलं, गाडी तसूभर हलेना. मी अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबला. समोरच्या घरातले दोघेजण गॅलरीत आले.

"आवाज गेला म्हणाला होतात," बायको समोर बघत म्हणाली. "हालचालही गेली का?"

रात्री सवयीनं काढलेला फोर व्हीलचा लिव्हर मी परत टाकायला विसरलो होतो. तो टाकला आणि जीप अशी सुतासारखी निघाली, की स्टेशनपर्यंत मी चक्क शीळ घालत गेलो.

स्टेशनच्या आवाराला किंचित उतार आहे. मी गिअर काढला, सासऱ्यांच्या शिकवणीप्रमाणे हँडब्रेक कचकचून ओढला आणि इंजिन मुद्दाम चालू ठेवलं. सासरे आले. सासूबाई थेट मागच्या सीटवर जाऊन बसल्या. सासरे मात्र बॉनेटपाशी डोळे मिटून उभे राहिले. अर्ध्या मिनिटानं त्यांनी डोळे उघडले.

"बरी ठेवलीत हो."

बावीस वर्षांतलं पहिलं 'बरी'! त्या उत्साहात मी त्यांची सर्वांत जड पेटी उचलली. बायकोनं दुसरी उचलली. तेवढ्यात जीपमधून सासूबाईंचा आवाज आला, "निघालो वाटतं."

निघाल्या होत्या फक्त त्या. ड्रायव्हरची सीट रिकामी, मागे सासूबाई पर्स मांडीवर घेऊन ताठ बसलेल्या, आणि जीप संथपणे उताराला लागलेली.

"सासूबाई निघाल्या!" असं ओरडत मी धावलो. पेटी खाली ठेवायची असते, हे मला सुचलं नाही. बायकोला सुचलं. तिनं पेटी टाकली, मला मागे टाकलं, जीपमध्ये उडी मारली आणि पायाचा ब्रेक दाबला. स्टेशनमास्तरांची कोरी स्कूटर वीतभर अंतरानं वाचली.

"इतक्यात आलं घर?" सासूबाईंनी विचारलं.

सासरे शांतपणे चालत आले. "हँडब्रेक ओढला होता?"

"पूर्ण ओढला होता, बाबा! शप्पथ!"

त्यांनी जमिनीवर पेपर पसरला आणि इस्त्रीच्या पांढऱ्या पँटसकट ते जीपखाली गेले. बराच वेळ नुसते बूट दिसत होते. मग बुटांमागून आवाज आला.

"जावईबापू, या गाडीचा हँडब्रेक काय धरतो?"

"चाकं."

"शाफ्ट. आत्ता तो हवा धरतोय. घट्ट धरलीय, त्यात वाद नाही. पण इथे तीन-साडेतीन फुटांची एक वस्तू असायची."

"ती... मिस्त्रींकडे आहे."

"काय करतेय तिथे?"

"विश्रांती," मी म्हणालो.

किल्ली बायकोकडे गेली. सासरे तिच्या शेजारी बसले. मी मागे, सासूबाई आणि दोन पेट्यांच्या मधे. सासऱ्यांच्या घराचा खडीचा चढ आला तशी जीप थोडी चढली, आणि पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. खडी दोन्ही बाजूंना उडाली.

"सगळं वजन मागे," सासरे म्हणाले. "पुढच्या चाकांवर भार पाहिजे."

"पेट्या बॉनेटवर ठेवू?" मी तत्परतेनं विचारलं.

"पेट्या घसरतील." त्यांनी मान वळवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "धरून बसणारं काहीतरी हवं."

इंजिन तासभर चालू असलं की बॉनेट किती तापतं, ते मला बसल्यावर कळलं.

"अहो, वाका जरा, मला रस्ता दिसत नाहीये!" काचेमागून बायको ओरडली.

"मधोमध बसा, जावईबापू!" सासरे ओरडले. "दोन्ही चाकांना सारखे या!"

मी वायपर धरला. चाकांनी खडी पकडली आणि आम्ही चढायला लागलो. नेमके त्याच चढावर आमचे ऑफिसचे साहेब कुत्र्याला फिरवायला निघालेले. ते थांबले. कुत्राही थांबला.

"ताप कसा आहे?" साहेबांनी विचारलं.

"वाढतोय, सर," मी म्हणालो. (रजेच्या संदर्भात मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.)

घरापाशी जीप थांबली. मी जपून खाली उतरलो. सासरे बायकोला म्हणाले, "गाडी तुझ्या नावावर करतो. ब्रेक कुठे असतो ते तुला माहीत आहे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचंही काम छान झालं हो. एकदाही घसरला नाहीत."

चार दिवसांनी पार्ट आला, शाफ्ट बसला, जीप पुन्हा चारही चाकांवर तो चढ हसतखेळत चढू लागली. प्रकरण मिटलं, असं मी समजलो. रविवारी आम्ही सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत घेऊन येत होतो. चढाच्या पायथ्याशी त्यांनी मागून बायकोच्या खांद्याला हात लावला.

"थांब गं जरा," त्या काळजीनं म्हणाल्या. "जावईबापूंना अजून बॉनेटवर बसवलं नाहीस."

आणि बायकोनं खरोखरच गाडी थांबवली.