‘नको’ वगळलं

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं कळतं ते फक्त मला! असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. म्हणूनच त्या रविवारी बायकोला म्हणालो, "तुझा लॅपटॉप गोगलगायीसारखा चाललाय. सगळं पुसून नव्यासारखा करून देतो!"

"अरे, पण माझी चित्रं?" ती लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते.

"आधी बॅकअप घेणार ना! कामाचं ते वेगळ्या डिस्कवर, फालतू ते वगळायचं. तू निर्धास्त राहा!"

ती केस धुवायला गेली. मी बाह्या सरसावून बसलो. बंद पडलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर? वगळ! एकाच फोटोच्या ढीगभर प्रती? वगळ! मग दिसला एक अगडबंब फोल्डर. नाव काय? ‘नको’! मला हसूच फुटलं. नको आहे तर ठेवायचं कशाला? तरी मी पडलो शहाणा माणूस. बाथरूमच्या दाराशी जाऊन ओरडलो, "अगं, ते ‘नको’ वगळू ना?"

नळाच्या आवाजातून उत्तर आलं, "नको नको!"

बघा! ‘नको’ नकोच होतं. वगळलं. आणि मग लॅपटॉप असा पुसला, असा पुसला, की घासलेल्या ताटासारखा लख्ख!

दुपारी बायको बाहेर गेलेली असताना तिच्या संपादकबाईंचा घरी फोन आला.

"‘नको’ तयार आहे ना? उद्या छपाईला द्यायचंय."

"काय नको?"

"अहो, पुस्तक! प्रत्येक गोष्टीला नको म्हणणाऱ्या मुलीचं. वर्षभर त्यासाठी राबतायत त्या. तुम्हाला माहीत नाही?"

वर्षभर ती जेवताना त्या मुलीबद्दल सांगायची, आणि मी मोबाइलमध्ये डोकं खुपसून ‘हं, हं’ करायचो!

बायको परतली. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा लावला.

"काय मोडलंस?" तिने विचारलं.

सांगितलं. वर म्हणालो, "पण तूच म्हणालीस ना, नको नको!"

"अरे, वगळू नको म्हणाले!"

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. नुसती रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसली. मला वाटलं, फरशी दुभंगावी आणि मी आत जावं.

दुरुस्तीवाल्याने निम्मी चित्रं कशीबशी परत मिळवली. "पुसण्याआधी घरात विचारायचं तरी!" तो म्हणाला. मी मान खाली घातली. विचारलं होतं, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

संपादकबाईंनी मुदत वाढवली. उरलेली चित्रं बायकोने नव्याने काढली. मी स्वयंपाक केला, भांडी घासली, पेन्सिलींना टोकं केली, आणि त्या मुलीची गोष्ट पहिल्यांदाच पूर्ण ऐकली. छान आहे हो!

आता पुस्तक आलंय. नव्या चित्रांमध्ये एक गाढव आहे. चष्मा हुबेहूब माझा! संपादकबाईंना सगळ्यात जास्त तेच पान आवडलं.