शिवांजलीच्या लग्नाची कॅसेट आणि भावी तबकडी समिती

नळदुर्गात लग्न लागतं अक्षता पडल्यावर, पण पार पडतं ते कॅसेट बघितल्यावर. कॅसेट नावाची वस्तू केव्हाच गेली. सीडी आली, डीव्हीडी आली, तरी आमच्याकडं शब्द कॅसेटच राहिला. गल्लीतल्या बायका चिवडा खात खात मंडपातल्या साड्यांची तपासणी करतात, कोण कुणाशी बोलताना दिसलं यावर निकाल देतात, आणि मग वधूपक्ष सुटला असं मानतात.

नानासाहेबांना मात्र ही कॅसेट साड्यांसाठी नको होती. शिवांजली त्यांची एकुलती एक लेक. तिच्या लग्नात हा माणूस सगळा वेळ मंडपाच्या मागं, आचाऱ्याच्या कढईपाशी उभा. बुंदी पुरंल का, वऱ्हाड जेवलं का, पाण्याचा टँकर कुठं अडकला! आमच्याकडं मुलीच्या बापानं लग्न बघायचं नसतं, निस्तरायचं असतं. अक्षता पडल्याचं त्यांना बँड वाजल्यावर कळलं. त्यात डोळ्यांत काचबिंदू. सोलापूरच्या डॉक्टरांनी बजावलेलं, "गेलेली नजर परत येत नाही. औषध टाकत राहा, आणि बघायचं ते बघून घ्या." नानांना एकच बघायचं होतं. अक्षता पडताना लेकीचं तोंड कसं दिसत होतं, एवढंच.

शूटिंग केलं होतं हायवेवरच्या फोटो स्टुडिओवाल्या कल्याणप्पानं. सरळ माणूस. लग्नाची हळद उतरायच्या आत तो डीव्हीडी करायला बसलासुद्धा. तेवढ्यात स्टुडिओत आमची बैठक भरली, म्हणून बरं.

आमची म्हणजे नळदुर्ग भावी तबकडी व यंत्र अंदाज समितीची. अध्यक्ष बब्रुवान गुरुजी, शाळेतून निवृत्त. सदस्य कल्याणप्पा, कारण खुर्च्या त्याच्या. सचिव मी. पुढच्या वर्षी कोणतं सॉफ्टवेअर येणार, टीव्हीला जोडून खेळायचा गेमचा कोणता डबा निघणार, कोणती तबकडी बंद पडणार, हे कंपनीला सुचायच्या आधी आम्ही हात वर करून मंजूर करतो. आमच्यातल्या एकाच्याही घरी तसला डबा नाही. क्रिकेटवर बोलणाऱ्याला कुणी बॅट मागतं का?

"डीव्हीडी?" गुरुजींनी चष्मा काढला. "अप्पा, मेलेल्या वस्तूवर जिवंत माणसाचं लग्न भरतोस व्हय? ब्लू-रे तबकडी कर, डीव्हीडीच्या पुढची. जावयाकडं गेमचा डबा आहे, त्यात चालती. दिवाळसणाला घेऊन येईल."

सदर सूचना सर्वानुमते मंजूर झाली. कोऱ्या तबकड्या पुण्याहून मागवल्या. त्या आल्या आणि त्याच आठवड्यात मोबाईलवर बातमी आली की पुढच्या डब्याला तबकडी घालायची फटच नसणार. बातमी कुणी दिली, खरी की खोटी, हे प्रश्न समितीच्या कार्यकक्षेत येत नाहीत.

जावई सिद्धाराम फोनवर म्हणाला, "गुरुजी, माझ्या डब्याला फट हाय. मी नवा घेणार न्हाय."

"आज म्हणतोयस. उद्या घेशील," गुरुजी म्हणाले, आणि फोन ठेवला. दूरदृष्टी म्हणतात ती ही. तबकडी रद्द करून पेनड्राइव्ह ठरला. दिवाळसण झाला, जावयाला सदरा-उपरणं मिळालं, कॅसेट पुढच्या सणावर ढकलली.

नाना स्टुडिओत यायचे. आधी सायकलवर, मग चालत, मग विठाबाईचा, म्हणजे बायकोचा, हात धरून.

"अप्पा, झाली का आमची कॅसेट?"

"नाना, पेनड्राइव्ह तयारच..." कल्याणप्पा उठायचा.

"बस खाली!" गुरुजी म्हणायचे. "नाना, एडिटिंगचं नवं सॉफ्टवेअर येतंय. त्यात वऱ्हाड्यांचा घाम आपोआप पुसला जातो. जरा कळ काढा."

"असू द्या की घाम. उन्हाळ्यातलं लगीन हाय."

"तुम्हाला न्हाय कळायचं ते."

नानांना खरंच कळत नव्हतं, आणि शिकलेल्या माणसापुढं वाद घालायची त्यांना सवयही नव्हती. ते "व्हय व्हय" म्हणून जायचे. नवी आवृत्ती पावसाळ्यात येणार होती, ती हिवाळ्यावर गेली. आली तर तिच्यात दोष निघाले, म्हणून दुरुस्त आवृत्तीची वाट बघणं ओघानंच आलं. ती दुरुस्त होईपर्यंत त्याहून भारी आवृत्तीची कुणकुण लागली. जुनं चित्र ती इतकं स्पष्ट करते की म्हणे अक्षतेचा दाणा न् दाणा मोजून घ्यावा.

एक दिवस नाना दारात थांबले आणि गुरुजींकडं तोंड करून म्हणाले, "कोण, कल्याणप्पा का?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मी, खोटं कशाला बोलू, इतिवृत्ताच्या वहीत डोकं घातलं. पण गुरुजी डगमगले नाहीत. "बघितलंत?" ते म्हणाले. "नानांना कमी दिसायला लागलंय. म्हणजे चित्र जास्त स्पष्ट पाहिजे. आता तर थांबणं भागच आहे." ठराव लगेच मताला टाकला. कल्याणप्पाचा हात तेवढा वर गेला नाही. तो बहुमतानं वर केला.

शिवांजली माहेरी आली तेव्हा कडेवर पोर होतं. ती तडक स्टुडिओत घुसली. "गुरुजी, तुमी शाळेत शिकवलं म्हणून गप बसले. आता असंल तशी द्या. फाटकी द्या, धुरकट द्या, पण द्या! नानांना माझ्या पोराचं नाकडोळं हातानं चाचपून बघावं लागतंय."

"बाळ, फक्त महिनाभर," गुरुजी म्हणाले. आणि या खेपेला खरंच महिन्याभरात आवृत्ती आली! सिद्धारामनंही शेवटी आमचंच ऐकून नवा डबा घेतला, आणि त्याला फट नव्हती. समितीचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. त्याबद्दल गावात कुणी साधा हार आणला नाही, ते सोडा.

नानांच्या घरी गल्ली लोटली. टीव्ही भिंतभर, उसना आणलेला. काय चित्र होतं महाराज! मुंडावळ्यांतला एकेक मोती दिसत होता. घाम कुणालाच नव्हता. नानांना सगळ्यात पुढं, खुर्चीत बसवलं होतं. नवा सदरा, मांडीवर नातू.

"लागली का?" त्यांनी विचारलं.

"लागली," विठाबाई म्हणाल्या.

"अक्षता?"

"आत्ता पडतेत."

"पोरगी दिसती का?"

"दिसती की. ही काय, पुढ्यातच हाय."

"रडती का?"

विठाबाई टीव्हीजवळ सरकल्या. चिवड्याच्या ताटल्या थांबल्या होत्या.

"न्हाय, रडत न्हाय," त्या म्हणाल्या. "मान वर करून मंडपात इकडं तिकडं बघती. तुमाला हुडकती."

नानांनी मान हलवली. मग खुर्चीतच जरा पुढं सरकून ते टीव्हीकडं तोंड करून बसले, लेकीला दिसावं तसं.

गुरुजींनी घसा खाकरला. "आवाज मात्र एकदम स्वच्छ आलाय," असं ते म्हणाले आणि चप्पल शोधायला बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी कल्याणप्पानं समितीचा राजीनामा दिला. खुर्च्याही आत नेऊन ठेवल्या. आता बैठक हायवेवरच्या ढाब्यात, बाजेवर भरते. पुढच्या डब्याबद्दल मोठी बातमी आहे, पण ती नंतर.

समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. पात्रता अवघड नाही. वडिलांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचं तुम्ही मनात धरलंच असेल. आईला समोर बसवून तिच्या तरुणपणाचं सगळं विचारून, एकदा नीट व्हिडिओ करायचा असेल. नवा फोन घेतल्यावर. कॅमेरा चांगला हवा ना? यंदा दसऱ्याला येतोय म्हणतात. बरोबर आहे तुमचं, घाई करू नका. या, बाजेवर जागा आहे.