ती जरा बाहेर गेलीये

फोन वाजला की बाबाच उचलायचे, आणि पलीकडून कुणी "वहिनी आहेत का?" असं विचारलं की म्हणायचे, "नाही, ती जरा बाहेर गेलीये." आठ महिने हेच चाललं होतं. ग्रंथालयातल्या बाईंनी पुस्तक परत मागितलं, त्यांना हेच उत्तर. दाताच्या दवाखान्यातून तपासणीची आठवण करून दिली, त्यांनाही हेच. दातांचे डॉक्टर तर शेवटी वैतागून म्हणाले, "अहो, बाहेरून आल्या की एकदा पाठवा त्यांना, ती दाढ अशीच ठेवू नका."

आई फेब्रुवारीत गेली होती. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. बाबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, ते काही भ्रमिष्ट झाले नव्हते. पण तेवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघत नव्हतं, आणि ते अडकलं म्हणून रडूही अडकलं होतं. डोळे कोरडे ठणठणीत, आणि माणूस आतून वाळत चाललेला. अकरा किलो वजन उतरलं होतं. पट्ट्याला नवी भोकं पाडायला जागा उरली नाही, तेव्हा मुलांच्या तोंडचं पाणी पळालं.

मुलं म्हणजे ताई आणि धाकटा. ताई शाळेत भूगोल शिकवायची, धाकटा चष्म्यांच्या दुकानात होता. दोघांनी आत्याला फोन केला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, घरातल्या सगळ्या भानगडींचा शेवटचा निकाल तिच्याकडे. आत्याने फर्मान काढलं, "त्याच्याच तोंडून येऊ दे. एकदा बोलला की मोकळा होईल. तुम्ही दोघांनी मध्ये शब्द घालायचे नाहीत. घातलेत, तर बसला आयुष्यभर गप्प." आत्यापुढे चकार शब्द काढायची घरात कुणाची टाप नव्हती. दोघांनी मुकाट्याने "हो" म्हटलं.

पानगळ लागली की दरवर्षी चौघं तळ्यावर जायची. डोंगर तांबडा-पिवळा झालेला असे, वाटेवर घोट्याएवढी पानं साचत, आणि आई त्यातली चांगली निवडून पिशवीत भरत असे. घरी आल्यावर ती कुरकुरीत होऊन सगळीकडे त्यांचा चुरा व्हायचा, त्यावरून दरवर्षी भांडण. यंदा सहल ताईने ठरवली. "तिथे गेले की बोलतील बघ," ती धाकट्याला म्हणाली.

"आणि नाही बोलले तर?"

"तर जेवू आणि परत येऊ."

गाडी धाकटा चालवत होता. बाबा शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. दोन तासांत ते एकदाच बोलले, आणि ते म्हणजे, "गिअर बदल."

तळ्याकाठच्या हॉटेलच्या दारात एक मिशाळ वेटर उभा होता. "किती जण?" त्याने विचारलं.

"चार," बाबा म्हणाले.

आता बाबा म्हणजे एकतीस वर्षं बसचे कंडक्टर. माणसं मोजण्यात त्यांची कधी चूक झालेली नव्हती. भरगच्च गाडीत नुसती एक नजर टाकून ते आकडा सांगत. पण घरच्यांना ते कधी मोजत नसत, घरचे चार हे त्यांना पाठच होतं. धाकट्याने ताईकडे बघितलं, तिने धाकट्याकडे, आणि दोघं आत्याला घाबरून निमूट खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसली. वेटरने पाण्याचे चार ग्लास भरले.

मागवायचीही आईची एक पद्धत होती. चौघांनी चार वेगळे पदार्थ घ्यायचे, पाव हिस्सा खायचा आणि ताटली उजवीकडे सरकवायची. दोघांनी एकच पदार्थ मागवायचा असेल तर घर काय वाईट आहे, असं तिचं म्हणणं. बाबांनी सवयीने चार पदार्थ सांगितले. मशरूमचं सूप, बटाट्याचं ऑम्लेट, टोमॅटोतली कोंबडी आणि भाजलेला मासा.

"आणि मासा अख्खाच आणा हं," ते म्हणाले. "काटे काढू नका. तिला स्वतः काढायला आवडतात."

"बोल ना काहीतरी," टेबलाखालून पाय मारत ताई कुजबुजली.

"तू बोल. तू मोठी आहेस."

"आत्याने काय सांगितलंय?"

"मग मला कशाला लाथा मारतेस?"

वेटरने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "बाई येतायत ना? त्या आल्या की लगेच वाढतो. टेबलावरचे सगळे बसल्याशिवाय इथे वाढत नाहीत. मालकीणबाईंना गार जेवण गेलेलं खपत नाही."

"ती जरा बाहेर गेलीये," बाबा म्हणाले.

"काही घाई नाही. थांबतो की."

आणि तो खरंच थांबला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. शेजारच्या टेबलांवर एकेक वाफाळती ताटली येत होती. धाकट्याच्या पोटात कावळे कोकलत होते आणि तो रुमालाची घडी घालून पुन्हा उलगडत होता. वेटर दोनदा दारापर्यंत जाऊन डोकावून आला. तेवढ्यात तळ्यावरून धुकं उठलं, आधी पलीकडचा डोंगर गेला, मग झाडं गेली, मग पार्किंगमधल्या गाड्या गेल्या. खिडकीच्या काचेवर चिकटलेलं एक पिवळं पान तेवढं दिसत राहिलं.

स्वयंपाकघरातून मालकीणबाई आल्या. चांगल्या भारदस्त, एप्रन बांधलेल्या, हातात डाव. वेटरने त्यांच्या कानाशी सगळं सांगितलंच होतं.

"किती वेळ झाला त्यांना जाऊन?"

"बराच झाला," बाबा म्हणाले.

"कुठल्या वाटेने जातेय, काही सांगून गेल्या?"

"नाही. काहीच सांगितलं नाही."

"फोन आहे जवळ?"

"घरी आहे. मी रोज चार्ज करून ठेवतो."

"अंगात काय घातलंय?"

बाबांना इथे थोडा विचार करावा लागला. "निळा स्वेटर," ते म्हणाले. "कोपराशी उसवलाय."

तो स्वेटर घरी कपाटात होता. ताईला तोंडात घास नसताना ठसका लागला, तिने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. मालकीणबाई तिच्यावरच घसरल्या, "अगं मुली, आई धुक्यात हरवलीये आणि तू खुशाल पाणी पीत बसलीयेस? काही काळीज आहे की नाही?"

ताईने तोंड उघडलं. समोर आत्याचा चेहरा उभा राहिला. "तसं नाही... म्हणजे आम्ही..." एवढं म्हणून तिने हुंदका दिला, आणि मालकीणबाईंची खात्रीच पटली की प्रकरण गंभीर आहे. धाकटा ताडकन उठून दाराबाहेर पळाला. लोकांना वाटलं, पोरगा आईला शोधायला धावला. तो बिचारा आत्याची परवानगी काढायला गेला होता. फोन लागत नव्हता.

"गेल्याच पानगळीत एक फोटोवाला घसरून कमरेएवढ्या पाण्यात गेला होता," मालकीणबाईंनी जाहीर केलं आणि भिंतीवरची घंटा बडवायला सुरुवात केली. "उठा हो सगळे! एक बाई हरवल्यात!"

सगळे उठले. लोक चांगले असतात, हीच तर पंचाईत. वेटर, आचारी, एक नवं लग्न झालेलं जोडपं, आणि सहलीला आलेले तेरा निवृत्त शिक्षक. या शिक्षकांनी बाहेर पडताच सूत्रं हातात घेतली. दोन-दोनच्या जोड्या झाल्या, हात धरले गेले, बडबड करणाऱ्यांना गप्प करण्यात आलं. त्यांचे मुख्याध्यापक बाबांपाशी आले.

"हाक मारायला हवी. नाव काय त्यांचं?"

बाबा म्हणाले, "नावाने मी तिला कधी हाक मारली नाही. आज मारली तर तिला वाटेल दुसरंच कुणीतरी बोलावतंय."

"मग काय म्हणता?"

"अगं म्हणतो."

मुख्याध्यापकांनी क्षणभर विचार केला. कुठल्याच वर्गात असा प्रसंग आलेला नसावा. "हरकत नाही," ते म्हणाले. "मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एका सुरात. एक, दोन..."

"अगंऽऽऽ!"

वीस माणसं धुक्यात तोंड करून ओरडली. त्यातल्या कित्येकांनी आपल्या स्वतःच्या बायकोला इतक्या कळवळ्याने कधी हाक मारली नसेल. मिशाळ वेटर ओरडत होता, आचारी ओरडत होता, नवा नवरा ओरडत होता आणि त्याची बायको त्याच्याहून मोठ्याने. पायाखाली ओली पानं निसटत होती. एक शिक्षक पडले, त्यांचा चष्मा पानांत गेला, आणि सवयीने धाकटा तो शोधायला खाली बसला. बाबा सगळ्यांच्या पुढे होते. पहिल्या दोन हाकांना ते गप्प होते. तिसऱ्या हाकेला त्यांचाही आवाज निघाला, आणि तो बाकीच्यांच्या आवाजात मिसळला नाही. ताईला तो वेगळा ऐकू आला. आठ महिन्यांत एवढा मोठा आवाज त्यांनी काढला नव्हता.

"अगंऽऽऽ!"

"आले, आले!" धुक्यातून बाईचा आवाज आला. "किती हाका माराल! कान किटले!"

बाबा धावले. जिना चढताना दोनदा थांबणारा माणूस पानं तुडवत सुसाट धावला. ताईसुद्धा दोन पावलं पुढे गेली, खोटं कशाला बोलायचं.

धुक्यातून एक ठेंगणी, साठीची बाई बाहेर आली. तपकिरी कोट, हातात पानांचा जुडगा. बाबा तिच्यापासून चार हातांवर थांबले आणि तसेच उभे राहिले.

"काय झालंय? कोण ओरडतंय?" तिने विचारलं. पण तोपर्यंत मालकीणबाई घोंगडी घेऊन पोहोचल्या होत्या. "बोलू नका. आधी आत चला, गारठलात अगदी."

"अहो पण मी..."

"सगळं मागाहून."

"मी यांना ओळखत नाही हो!"

मुख्याध्यापकांनी मान हलवली. "धक्का बसलाय. सावकाश घ्या, घाबरवू नका."

"पण निळा स्वेटर कुठाय?" वेटरला शंका आली.

"नवऱ्यांना बायकोचे कपडे कधी आठवतात का!" मालकीणबाईंनी त्याला झटकलं, आणि बाईंना दोन्ही खांद्यांना धरून खिडकीजवळच्या टेबलाशी, रिकाम्या खुर्चीवर आणून बसवलं. टाळ्या झाल्या. दुसऱ्याच मिनिटाला चार ताटल्या आल्या. अख्खा मासा बाईंच्या पुढ्यात आला.

सगळे टेबलाभोवती उभे होते. ओले, चिखलाने माखलेले, आणि फार आनंदात. ताईने धाकट्याचा हात घट्ट धरला होता. आता आत्या गेली खड्ड्यात, आपण बोलूनच टाकू, असं तिने ठरवलंही होतं, पण लोकांचे चेहरे बघून तिचा धीर होईना.

बाईंनी माशाकडे बघितलं, लोकांकडे बघितलं आणि घोंगडी खांद्यावरून काढून टाकली. "हे बघा, आमचे हे गाडीत झोपलेत. ते उठून हाक मारतायत असं वाटलं म्हणून मी धावत आले. एरवी ते कशाला मारतायत हाक! मला यातलं काहीएक माहीत नाही." मग त्या बाबांकडे वळल्या. "अहो, तुम्ही तरी सांगा ना यांना! मी तुमची कोण?"

बाबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं.

"कुणी नाही," ते म्हणाले.

मालकीणबाईंनी पुन्हा घोंगडी उचलली.

"या माझी बायको नाहीत. माझी बायको..." बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "माझी बायको फेब्रुवारीत वारली."

नव्या नवरीने नवऱ्याचा दंड धरला. वेटर मिशीवरचं पाणी पुसायचं विसरला. ताई आणि धाकटा बाबांकडे बघत राहिले. वाक्य आलं होतं, त्यांच्याच तोंडून आलं होतं, आणि ते ऐकल्यावर इतकं दुखेल हे आत्याने सांगितलं नव्हतं.

मालकीणबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांच्या चपला चिखलात गेल्या होत्या, एक म्हातारे शिक्षक घोटा चोळत बसले होते. त्यांना राग आला, आणि येणारच.

"फेब्रुवारीत?" त्या म्हणाल्या. "मग आम्ही एवढा वेळ धुक्यात शोधत कुणाला होतो?"

"तिलाच," बाबा म्हणाले. "घरी मी एकटाच शोधतो हो. आज एवढी माणसं उठली, तेव्हा वाटलं, सापडेल."

आणि मग ते रडायला लागले, मोठ्याने, भर हॉटेलात, आणि वीस माणसं ओल्या कपड्यांनी त्यांच्याभोवती उभी राहिली.