दोन एक्के आणि एक बाता

पोकरमध्ये आपल्याला हरवणारा अजून जन्माला यायचाय, हे कुआनिशनं अल्माटीत भेटेल त्याला सांगून झालं होतं. सांगायला नवं माणूस उरलं नाही, तेव्हा तो न्हाव्याला दुसऱ्यांदा सांगायला लागला! दिवसा लोकांच्या खिडक्यांना काचा बसवायच्या आणि संध्याकाळी फोनवर ‘निळा लांडगा’ या नावानं ऑनलाइन स्पर्धा मारायच्या, हा त्याचा क्रम. आणि मारायचाही, खोटं कशाला बोला.

कौतुक नव्हतं ते फक्त सासऱ्यांना. ओराझबेक म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. फोनवर बोटं आपटणं माकडालाही जमतं, असं त्यांचं मत. त्यामुळे रविवारच्या पंगतीत कुआनिशची जागा ठरलेली होती: दाराजवळ, बुटांच्या शेजारी. धाकटा जावई घोड्यांचा डॉक्टर! तो बसायचा समोर मानाच्या जागी, पाठीला उशा लावून. कुआनिशला हे फार लागायचं.

“शनिवारी कोनायेव शहरातल्या कॅसिनोत स्पर्धा आहे,” तो बायकोला म्हणाला. “चषक आणतो आणि रविवारी तुझ्या वडिलांच्या पुढ्यात ठेवतो. मग बघू दाराजवळ कोण बसतं ते!”

“अरे, फोनवर तुझं तोंड कुणाला दिसत नाही म्हणून जिंकतोस,” रौशान म्हणाली. “माझ्या वाढदिवसाची शाल तुला कधी लपवता आली नाही. दारातच चेहरा सांगतो, कुठल्या रंगाची आणलीय!”

हे खरं होतं. म्हणून कुआनिशनं दगडी चेहऱ्याचा सराव सुरू केला. हसणं बंद, भुवया बंद. सराव पक्का व्हावा म्हणून तसाच सासुरवाडीला गेला. सासूबाईंनी, म्हणजे अपांनी, बेशबार्माकचं, म्हणजे उकडलेलं मटण आणि रुंद शेवयांचं ताट पुढे ठेवलं.

“मीठ बरोबर पडलंय ना रे?”

दगड.

“कमी झालंय का?”

दगड.

“मग जास्त झालं असेल!”

दगडच. अपा उठल्या आणि त्यांनी चहाचा प्याला काठोकाठ भरून त्याच्यासमोर आदळला. मानाच्या पाहुण्याला चहा अर्धाच ओततात. काठोकाठ भरला म्हणजे ‘पी आणि नीघ’. कुआनिश प्यायला आणि निघाला, पण हवेत तरंगत!

“खुद्द सासूला माझ्या मनातलं कळलं नाही! तयारी झाली!”

“तुझ्या मनातलं नाही कळलं,” रौशान कपाळाला हात लावून म्हणाली, “पण तिच्या मनातलं साऱ्या गल्लीला कळलंय.”

शनिवारी दुपारी कॅसिनोत निळा लांडगा खरोखर लांडग्यासारखा खेळला. एकेक गडी गारद करत तो शेवटच्या टेबलापर्यंत पोचला, आणि तिथेही अखेरच्या पाचांत! त्याच्या चेहऱ्याकडे बघून काही म्हणता काही कळत नव्हतं. एकच खोड होती. फोनवर पत्ते हातात धरावे लागत नाहीत. बाकीचे आपले पत्ते टेबलावरच तळहाताखाली दाबून ठेवत होते, आणि हा मात्र ते नवजात पिल्लासारखे छातीशी धरून बसला होता.

टेबलावर तोलेगेन म्हणून एक पांढऱ्या दाढीचे आजोबा होते. ते हरले आणि सावकाश कोटाची बाही शोधू लागले. तोवर नवा डाव वाटला गेला. कुआनिशनं पत्ते उचलून पाहिले.

दोन एक्के!

याहून भारी जोडी पोकरमध्ये नाही, पण चेहरा ढिम्म. समोर घोड्यांचा व्यापारी साकेन. त्यालाही चांगले पत्ते आले असावेत, कारण त्यानं पणाला लावायच्या आपल्या सगळ्या चकत्यांना दोन्ही हातांनी मिठी घातली होती. आता तो ढीग पुढे लोटणार, कुआनिश “आलो” म्हणणार आणि चषक घरी येणार!

तेवढ्यात आजोबांना बाही सापडली. ते उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही तळवे वर केले.

वडीलधारं माणूस बाता देतं, म्हणजे आशीर्वाद देतं, तेव्हा हात पसरायचे असतात, हे त्या मातीत आईच्या दुधातून मिळतं. बाता मारण्यात कुआनिशचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण ही बाता वेगळी. साकेननं ढीग सोडून तळवे पसरले. पत्ते वाटणाऱ्या मुलीनं पसरले. कुआनिशनंही पसरले.

“बाळांनो,” आजोबा म्हणाले, “हातात आलेलं कधी हातून न जावो!”

आणि दोन्ही एक्के टेबलावर उताणे पडले!

“आमीन!” साकेन तोंडावरून तळवे फिरवत म्हणाला आणि त्यानं ढीग हळूच मागे ओढला. “आजोबा, तुमची बाता तर मला लगेच फळली!”

आजोबांचे डोळे भरून आले. “माझ्या बातेसाठी एक्के टाकलेस पोरा?” त्यांनी कुआनिशच्या कपाळाचं चुंबन घेतलं. कुणीतरी फोनवर ते सगळं टिपत होतं. कुआनिशचा चेहरा अजून दगडीच होता, त्यामुळे तो अगदी संत दिसत होता. त्यानंतर मात्र त्याचं सारं लक्ष स्वतःच्या हातांवर. हात सांभाळता सांभाळता डाव गेला आणि तो चौथा आला. चौथ्याला चषक नव्हता. छत्री होती.

रविवारी ती छत्री काखेत मारून, मान खाली घालून तो सासुरवाडीला पोचला. फाटकात खुद्द ओराझबेक उभे!

“ये रे माझ्या वाघा! सगळ्या नातेवाइकांनी तो व्हिडिओ पाहिलाय. एक्के! दोन्ही! म्हाताऱ्या माणसाच्या मानासाठी!”

त्यांनी त्याला हाताला धरून समोर बसवलं. उशा पाठीला आल्या, जावयाच्या मानाचा, मटणातला छातीचा तुकडा ताटात पडला, आणि घोड्यांचे डॉक्टर मुकाट्यानं बुटांशेजारी सरकले. अपांनी स्वतःच्या हातानं अर्धा प्याला चहा आणून दिला. इतकं सुख कुआनिशला कुठल्याच स्पर्धेनं दिलं नव्हतं.

“एवढंच सांग,” सासऱ्यांनी विचारलं, “मुद्दामच सोडलेस ना ते पत्ते?”

रौशान डोळे बारीक करून बघत होती. कुआनिश हातात प्याला धरून निश्चल. दगड!

“बघा!” ओराझबेक पाहुण्यांना म्हणाले. “केलेलं बोलूनसुद्धा दाखवत नाही. हा माझा जावई!” आणि त्यांनी दोन्ही तळवे वर केले.

साऱ्या खोलीनं हात पसरले. सगळ्यात आधी कुआनिशनं, दोन्ही!

प्याला मानाचा, म्हणून अर्धाच भरला होता, एवढंच नशीब. मांडीवरून वाफा निघाल्या आणि रौशाननं पदर तोंडात कोंबावा तसा रुमाल कोंबला. कुआनिशच्या चेहऱ्यावरची मात्र एक रेघ हलली नाही.