सुकेशनीचं निरीक्षण

"कशालाच हात लावायचा नाही. फक्त बघायचं आणि वहीत लिहायचं. वहीवर माझी सही नसेल, तर परीक्षा विसरा," असं बजावून अपेक्षा मॅडमनी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली सरकारी दवाखान्यात सोडल्या आणि स्वतः चहाला गेल्या.

ताडकळसच्या सुकेशनीला एक वाईट खोड होती. सांगितलेलं काम ती खरंच करायची. पुरुषांच्या वॉर्डात उभं राहून तिनं लिहायला घेतलं: 'नळाला पाणी नाही. आठपैकी तीन पंखे फिरतात. सिस्टर अर्धा तास फोनवर. विषय : भाचीचं लग्न.'

दरवर्षी मुली येत, भिंतीला टेकत, जात. लिहिणारी ही पहिलीच. सत्यशीला सिस्टरनी फोन खिशात टाकला.

"काय लिवायलीस गं?"

"दिसतंय ते, सिस्टर."

सिस्टर कामाला लागल्या. पाच मिनिटांत चादरी बदलल्या. ते बघून पेडगावचे आश्रुबा खाटेवर उठून बसले.

"बाई, माझं बी लिव. दोन दिवस झाले, डॉक्टर दिसला न्हाई."

"आजोबा, मी शिकायला आलेय."

"मग शिक की. लिव."

तिनं लिहिलं. मग शेजारच्यानं सांगितलं, मग त्याच्या बायकोनं. गर्दी बघून डॉक्टर दारातूनच परत फिरले आणि गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून आले. त्यांनी प्रत्येकाची इतकी आपुलकीनं चौकशी केली, की दोघांना आपलं काही खरं नाही असं वाटून रडू आलं. दुपारी नळाला पाणीही आलं.

संध्याकाळी मॅडमनी वही वाचली.

"हे काय आहे?"

"निरीक्षण, मॅडम."

"याला निरीक्षण म्हणत नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या मुलींची वही घे आणि उतरवून काढ."

परीक्षा बुडवून चालणार नव्हतं. सुकेशनीनं मान खाली घालून उतरवलं: 'वॉर्ड स्वच्छ व हवेशीर आहे. कर्मचारी तत्पर आहेत.' सही मिळाली. वर शेरा : 'सूक्ष्म निरीक्षण.'

दुसऱ्या दिवशी सत्यशीला सिस्टरनी तिला बाजूला घेतलं. आता बोलणी खायची, म्हणून ती अंग चोरून उभी राहिली.

"पोरी, उद्यापासून माझी ड्युटी परत बायकांच्या वॉर्डात हाय. तितं येतीस का? दोन सालापासून एक स्टूल मागायलेय मी, कुनी देईना."

"पण सिस्टर, मॅडमनी असलं लिहू नको म्हणून सांगितलंय."

"लिव म्हनलं का मी? निस्ती वही उघडून उभी ऱ्हा."